सुतकातली भवानी

वाल्डरोडा, जर्मनी
२५ जुलै १९९३

थोआ,

जागा मिळाली! हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर तू सवयीप्रमाणे शेवटचं पान आधी उघडशील. स्टेशनच्या रस्त्याला वळणावर जोडे दुरुस्तीचं एक जुनं दुकान होतं, तेच. मालक हुब्नर म्हणून म्हातारा आहे. जन्मभर तिथेच बसून त्याने जोडे शिवले, आता डोळे गेले म्हणून बंद केलं. वरच्या मजल्यावर तो आणि त्याची बायको राहतात. मी म्हटलं, फुलं विकणार. तो म्हणाला, "बरं होईल. कातड्याचा वास जाईल एकदाचा." बादल्या ठेवायला फळ्यासुद्धा स्वतःच ठोकून देतोय. मी मदत करायला गेलो तर हातातली हातोडी काढून घेतली, म्हणाला, "तू बोटं मोडून घेशील, मग फुलं कोण बांधणार?"

आता नीट वाच. आम्हाला कंत्राटावर इथे आणणारी गिरणी बंद पडली तेव्हा आपले निम्मे लोक परत गेले. मी राहिलो आणि स्टेशनसमोर बादल्या मांडून बसलो. हे सगळं तुला माहीत आहे. पण आता नवा नियम निघालाय. वर्ष संपायच्या आत ज्याच्याकडे नोंदलेला धंदा आहे, जागेचा करार आहे, स्वतःची कमाई आहे, त्याला इथे राहता येईल आणि बायकोपोरांनाही आणता येईल. ज्याच्याकडे नाही त्याने विमानात बसायचं. रस्त्यावरच्या बादल्यांना धंदा म्हणत नाहीत. म्हणजे हे दुकान चाललं तर तू आणि लान इकडे. नाही चाललं तर मी तिकडे, रिकाम्या हाताने. मधलं काही नाही.

आबांना पंचांग काढायला सांग. चांगला दिवस, चांगली वेळ. भवानी कुणी करायची तेही विचार. मी वसतिगृहातल्या आपल्या बांगला धरून ठेवलंय. दोन मुलगे, आईवडील दोघं जिवंत, आणि सदा दात काढलेले. याच्याइतका चांगला पायगुण इथे दुसऱ्या कुणाचा नाही. तुला हसू येईल. पण आबांच्या शेवयांच्या टपरीवर मी वाढलोय. डोक्याला सुतकाची पांढरी पट्टी बांधलेलं कुणी सकाळी पहिलं आलं की आबा त्याच्या मागे कागद पेटवून दारात ओवाळायचे, मीठ-तांदूळ फेकायचे, आणि तरी संध्याकाळपर्यंत तोंड पाडून बसायचे. मला एवढ्या वर्षांनी मिळालेलं दार आहे. त्यात कसली माशी शिंकायला नको.

आबांचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं, थंडीच्या आत लोकरी बनियन पाठवतो.

लाम

•

हाय थोन गाव, जिल्हा नाम दिन्ह
२२ ऑगस्ट १९९३

बांगभाऊजी,

हे पत्र वाचलंत की जाळून टाका. लामच्या हाती पडलं तर मी कुठे तोंड लपवू?

आबा गेले. गेल्या रविवारी, पहाटे. खोकला छातीत उतरला होता. लामचं पत्र आलं तेव्हा उठून बसता येत नव्हतं त्यांना, तरी चष्मा मागितला, पंचांग मागितलं, आणि दिवसभर बोट फिरवत बसले. मी म्हटलं, आबा, आधी औषध घ्या. म्हणाले, "औषध उद्याही मिळेल. दिवस बघायला मी उद्या असेन की नाही कुणास ठाऊक."

दिवस काढून दिला आणि माझा हात धरला. म्हणाले, "सूनबाई, मी गेलो तर त्याला कळवू नकोस. सुतकातल्या मुलाने तीन वर्षं नवं दुकान मांडायचं नाही. त्याला कळलं तर तो मांडणार नाही. मीच त्याला असा करून ठेवलाय. दुकान लागेपर्यंत मी जिवंत आहे असं समज."

भाऊजी, मी हो म्हटलं. आता तुम्ही म्हणाल, हिला जर्मनीला जायचंय म्हणून हो म्हणाली. गावातही म्हणतात. मी कुणाला उत्तर देत नाही. देऊन काय करू?

तुम्ही भवानी करणार आहात म्हणून तुम्हाला सांगितलं. कुणी गावाहून आलं, कुणी काही बोललं, तर ते त्याच्या कानावर जाऊ देऊ नका. आणि त्या दिवशी त्याच्याजवळ राहा. त्याला काही माहीत नसेल, पण कुणीतरी जवळ असावं.

थोआ

•

हाय थोन
२२ ऑगस्ट १९९३

लानच्या बाबांना,

आबांनी दिवस काढला. २९ सप्टेंबर, बुधवार, सकाळी सातनंतर. भवानी बांगभाऊजींनीच करावी म्हणाले. बनियन पाठवू नका म्हणतात, इकडे उकाडा आहे.

लानचा पुढचा दात पडला. छपरावर फेकला. वर्गात तिला मुलं चिडवतात की तुझे बाबा फोटोतच राहतात. तिने एकाच्या हाताला चावा घेतला. मी रागावले, पण मनातून नाही.

आबांचा खोकला आता थांबलाय.

थोआ

•

वाल्डरोडा
१० सप्टेंबर १९९३

थोआवहिनी,

जाळलं. आणि मग न्हाणीघरात नळ सोडून रडलो, कारण आमच्या वसतिगृहाच्या भिंती पापुद्र्याच्या आहेत आणि लाम पलीकडेच झोपतो. आबांनी मला किती वाट्या शेवया फुकट खाऊ घातल्या असतील याचा हिशेब नाही.

पण वहिनी, मला चांगलंच अडकवलंत! सुतक दुकानदाराचं, पायगुण गिऱ्हाइकाचा; आता देवाने मोजायचं कुणाचं? मी आपला हसत आत जाईन आणि मोठा गुच्छ घेईन. दात दाखवण्यापलीकडे मला येतं काय?

इथली दुसरी बातमी. म्हातारा हुब्नर गेल्या आठवड्यात वारला. फळ्या सगळ्या लावून झाल्या होत्या, शेवटची रंगवायची राहिली होती. लाम मयताला गेला नाही. मी म्हटलं, अरे, माणसाने तुझ्या फळ्या ठोकल्या, मूठभर माती तरी टाक. म्हणाला, "दुकान तोंडावर आलंय. तिथून काही अंगाला लावून आलो तर?" मी गेलो. हुब्नरबाईने विचारलं, "तुमचा मित्र आजारी आहे का?" मी हो म्हटलं. तुमच्या घराण्यासाठी खोटं बोलायची सवय मला आता लागणारच.

बांग

•

वाल्डरोडा
३ ऑक्टोबर १९९३

थोआ,

सगळं पहिल्याच दिवशी विस्कटलं.

बुधवारी पहाटेच उठून मी बादल्या भरल्या. शेवंती, गुलाब, आतल्या बाजूला भाजीच्या दोन पेट्या. कोपऱ्यात वास्तुदेवतेचा छोटा देव्हारा मांडला, उदबत्ती लावली. सात वाजले. बांगचा पत्ता नाही. नंतर कळलं, महाशयांची बस चुकली. मी दार अर्धंच उघडून ठेवलं.

तर जिन्यावरून हुब्नरबाई उतरली. नखशिखांत काळे कपडे. नवरा जाऊन महिना झालेला नाही. आणि हातात ताट. ताटात अख्खा पाव आणि वाटीभर मीठ! मला वाटलं, मेलेल्या नवऱ्याच्या नावचं पान घेऊन बाई माझ्या दुकानात येतेय. त्याचं दुकान होतं ना ते. मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, "अजून उघडलं नाही. नंतर या." ती म्हणाली, "मला काही घ्यायचं नाही, हे फक्त ठेवते." मी म्हटलं, "नको. नंतर." तिने ताट पुढे केलं आणि मी दार लावून घेतलं.

ती वर गेली. मग मी आबांनी करावं तसंच केलं. वर्तमानपत्राची सुरळी पेटवली, ती उभी होती तिथे उंबरठ्यावर ओवाळली, मीठ-तांदूळ फेकले. वर पाहिलं तर ती खिडकीत. माझ्या हातातला जाळ बघत होती.

बांग आला, हसला, गुच्छ घेतला. पण त्या दिवशी फार कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गाव लहान आहे, फुलवाल्याने विधवेच्या पावलांवर आग लावली हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. आणि शनिवारी दाराखालून चिठ्ठी आली. नोव्हेंबरअखेर जागा रिकामी करा. करार नवऱ्याशी होता, तो गेला. जागेचा करार नाही तर धंदा नाही, आणि धंदा नाही तर काय ते तुला लिहिलंच आहे.

मी चूक केली असं मला वाटत नाही. तिला आत घेतलं असतं तर याहून वाईट झालं असतं. तू आबांना विचार. सगळं जसं घडलं तसं वाचून दाखव आणि ते काय म्हणतात ते शब्दन्‌शब्द लिही. त्यांच्या हातची एक ओळ तरी पाठव. गेल्या पत्रात त्यांची सहीसुद्धा नव्हती.

लाम

•

वाल्डरोडा
५ ऑक्टोबर १९९३

वहिनी,

लामने तुम्हाला काय लिहिलं असेल ते मला ठाऊक आहे, म्हणून हे मागोमाग.

मी जिथे कामाला आहे तिथल्या बाईला विचारलं, पाव आणि मीठ म्हणजे काय. ती म्हणाली, "कुणी नवं घर घेतलं, नवं दुकान मांडलं की शेजारी नेऊन देतात. तुमच्या घरात कधी काही कमी पडू नये म्हणून." ऐकून मी गारच पडलो. घरात मयत झालेलं, आणि म्हातारी पाव भाजून आशीर्वाद द्यायला खाली उतरली होती. आणि आमच्या शहाण्याने आशीर्वादाच्या मागे जाळ केला!

लामला सांगितलं. मग म्हणतो, "असेल. पण काळे कपडे ते काळेच. जा आणि माफी माग म्हणतोस? सुतकाच्या घराची पायरी चढू? निदान दुकान लागेपर्यंत तरी नाही." वहिनी, मला त्याच्या तोंडावर ओरडावंसं वाटलं. जीभ चावून बसलोय. आता माझ्याने होणार नाही. हसायचं कामसुद्धा जड झालंय.

माफीशिवाय ती बाई जागा ठेवणार नाही. आणि हा माफी मागणार नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा.

बांग

•

हाय थोन
२४ ऑक्टोबर १९९३

लानच्या बाबांना,

बसून वाचा. दुकानात असाल तर आधी दार लावून घ्या.

आबा नाहीत. पंधरा ऑगस्टला गेले. तुमचा दिवस त्यांनीच काढला, त्याच आठवड्यात, पडल्या पडल्या. तुम्हाला कळवू नको हे त्यांनीच सांगितलं. सुतकात तुम्ही दुकान मांडणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. खोकला थांबला असं मी लिहिलं होतं. त्या ओळीपाशी माझा हात किती वेळ अडला ते मलाच माहीत.

मयताला पाऊस होता. पेटीमागे काठी टेकत चालायला मुलगा नव्हता म्हणून चुलतभाऊ चालला. तुमच्या वाटणीची पांढरी पट्टी कुणी बांधायची नसते, ती आधी पेटीवर आणि मग देव्हाऱ्यात ठेवली होती. आता देव्हाऱ्यातून काढून या पाकिटात घातलीय. लानने आजोबांसाठी दोन दिवस काही खाल्लं नाही. रोज विचारते, बाबांना का नाही सांगायचं? मी म्हणायचे, बाबा कामात आहेत. सात वर्षांच्या पोरीला मी खोटं बोलायला शिकवलं.

आता माझं ऐका. लोक म्हणतात, सून जर्मनीला जायला सासऱ्याचं मरण गिळून बसली. त्यात काहीच खरं नाही असं मी म्हणणार नाही. मला यायचं होतं. सहा वर्षं मी तुमच्या आवाजाशिवाय काढली. आबांनी सांगितलं नसतं तरी कदाचित मी गप्प बसले असते. हे मी तुम्हाला लिहून देते, पुढे कुणाकडून ऐकायला नको.

पण तुमचं पत्र वाचलं आणि मला झोप लागेना. त्या बाईला तुम्ही सुतकातली म्हणून दारातून घालवलंत. अहो, दाराच्या आत कोण उभं होतं? तुम्हीच ना! तुमचे वडील जाऊन दीड महिना झाला होता. तिच्या सुतकाने दुकान बाटत असेल, तर ते तिच्याआधी तुमच्या हातून बाटलंय. आणि तुमच्या हातून बाटलं नसेल, तर तिच्या पायानेही बाटलं नसतं. दोन्हींपैकी एक काय ते ठरवा. मला शाळा फार नाही, पण एवढं कळतं.

आबांना विचार म्हणालात. आबा असते तर आधी तुमच्यासारखंच म्हणाले असते, हे मला माहीत आहे. पण मरताना त्यांनी काय केलं? मुलाच्या पोटासाठी स्वतःचं सुतक बाजूला सारलं. जन्मभर ज्याच्यासाठी कागद जाळले, ते एका वाक्यात सोडून दिलं. यापेक्षा वेगळं उत्तर मी त्यांच्याकडून कुठून आणू?

आता तुम्ही दुकान बंद करून परत आलात तरी मी दारात उभी राहीन. रागावलात तरी. पत्र लिहिणं सोडलंत तर मात्र मी काय करीन मला माहीत नाही.

थोआ

•

वाल्डरोडा
१५ नोव्हेंबर १९९३

वहिनी,

घाईत दोन ओळी. पत्र शुक्रवारी पोचलं. दुकान तेव्हापासून बंद. आत बसलाय, पट्टी डोक्याला बांधून, फळीला टेकून. मी भात नेला, खाल्ला नाही. मला म्हणाला, "तुला माहीत होतं." मी हो म्हटलं. म्हणाला, "तरी तू हसत आलास." मी पुन्हा हो म्हटलं. त्याने मला बाहेर काढलं. मी दाराबाहेर पायरीवर बसलोय, तिथूनच लिहितोय.

फुलं बादल्यांत सुकतायत. महिना अर्धा सरला.

बांग

•

वाल्डरोडा
२२ नोव्हेंबर १९९३

थोआ,

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तो जाईल असं आत्ता वाटत नाही. माझा बाप गेला आणि मी इथे बाजारभाव काढत हिंडत होतो, रंगाचा डबा घेऊन फळी रंगवत होतो, गुणगुणतसुद्धा असेन. ते दिवस तू मला परत देऊ शकत नाहीस. आबाही देऊ शकत नाहीत. त्यांच्यावरही रागावलोय. मेलेल्या माणसावर रागावून काय करायचं हे कुणी शिकवलं नाही मला.

तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. दोन्हींपैकी एक ठरवा. मी ठरवत बसलो होतो. दुकान बाटलंय म्हणून सोडून द्यावं, सामान बांधावं, असंच मनात होतं. पट्टी बांधलेल्या माणसाने दुकानात बसणंसुद्धा पाप. पण सप्टेंबरपासून सुतकातच बसलो होतो ना. काही झालं नव्हतं. फुलं उमलत होती. विकली जात नव्हती ती माझ्या हातच्या जाळामुळे.

मंगळवारी वर गेलो. पट्टी तशीच डोक्याला. हुब्नरबाईने दार उघडलं, पट्टीकडे बघितलं, तिला वाटलं माझं डोकं फुटलंय. म्हणाली, "पडलात का?" मी म्हटलं, "माझे वडील वारले. ऑगस्टमध्ये. मला आत्ता कळलं." माझी मोडकीतोडकी भाषा तुला माहीत आहे. तरी सगळं सांगितलं. आमच्यात सुतकातलं माणूस पहिलं गिऱ्हाईक म्हणून चालत नाही, मी तुमच्या मागे जाळ केला, पाव-मिठाचा अर्थ मला ठाऊक नव्हता, आणि नंतर कळूनही मी आलो नाही. तुमच्या नवऱ्याच्या मातीला आलो नाही. "आणि सुतकातला माणूस मीच होतो," एवढं म्हटलं. तिच्या दारात उभा राहून लहान पोरासारखा रडलो. आबांसाठी मी पहिल्यांदा रडलो ते तिथे.

ती लगेच विरघळली नाही. दाराची मूठ धरून उभी होती. म्हणाली, "त्या दिवशी पाव मी पाखरांना घातला. माझ्या घशाखाली उतरला नसता." मग म्हणाली, "हुब्नर रोज विचारायचा, त्या फुलवाल्याचं दुकान कधी उघडतंय. त्याला बघायचं होतं." आणि दार लावून घेतलं. मी म्हटलं, संपलं. खाली येऊन बादल्या धुतल्या. नवी फुलं मागवली. का मागवली ते विचारू नकोस. हात रिकामे ठेवता येत नव्हते.

इथे नोव्हेंबरातला एक रविवार मेलेल्यांचा असतो. सगळं गाव कबरींवर फुलं नेतं. तो काल होता. परवा, शनिवारी सकाळी, मी दार पूर्ण उघडलं, पट्टी डोक्याला होतीच. आणि जिन्यावर पावलं वाजली. तीच. काळे कपडे, हातात पिशवी. उंबरठ्याबाहेर थांबली आणि म्हणाली, "आत येऊ, की आधी दुसरं कुणी येऊ दे?"

मी म्हटलं, "या. भवानी तुम्हीच करा."

तिने बराच वेळ फळ्यांवरून हात फिरवला. राहिलेली एक मी रंगवली होती, तिथे थांबली, रंग बरोबर नाही म्हणाली. मग देवदाराच्या फांद्यांचं पुष्पचक्र आणि पांढरी शेवंती घेतली, हुब्नरसाठी. पिशवीतून कागद काढला, नवा करार, तिच्या नावचा. फळीवर ठेवून सही केली आणि लेखणी माझ्या हातात दिली. मी सही केली तेव्हा ती दुसरं चक्र निवडत होती. अगदी तसंच, पांढरी शेवंती.

मी विचारलं, "हे कुणाला?"

"तुमच्या वडिलांना."

मी म्हटलं, "बाई, त्यांची कबर इथे नाही. फार लांब आहे. मला तिथे जाता आलं नाही."

ती म्हणाली, "हुब्नरच्या शेजारची जागा माझी आहे. अजून मोकळी आहे. मी येईपर्यंत तुमच्या वडिलांची फुलं तिथे ठेवत जा."

काल आम्ही दोघं गेलो. ती काळ्यात, मी पांढऱ्यात. बांगही आला, मागे उभा राहिला, हसला नाही. मी तिच्या जागेवर चक्र ठेवलं आणि आबांच्या नावाने तीनदा वाकलो. ती शेजारी उभी राहिली, जिथे तू उभी राहायला हवी होतीस.

आबांचा शंभराव्या दिवसाचा विधी या आठवड्यातच आहे. तुला वेळेत कळणार नाही, पण तू करशीलच. माझ्या वाटणीची उदबत्ती लानला लावू दे, आणि बाबांनी सांगितलंय म्हणून सांग, आता खोटं बोलायचं नाही. कागद मी उद्याच कचेरीत देतो. तुझे आणि तिचे फोटो पाठव, तिला हसू देऊ नकोस, पडका दात दिसला तर कुणी हरकत घेईल.

माझा राग आहे तसाच आहे, थोआ. तू इथे ये आणि तो समोर बसून ऐक. पत्रात मावत नाही.

लाम